सोप्या वाटेचा कैवार

सायकलीवर बसलेल्या मनुष्याविषयीं आपल्या समाजांत आज दोनच भावना उरल्या आहेत: एक कीव व दुसरी कौतुक. दुधाच्या किटल्या दोहों बाजूंस अडकवून महामार्गाच्या कडेनें जीव मुठींत धरून जाणारा गवळी, किंवा तळोज्याच्या कारखान्यांतील रात्रपाळी संपवून घरीं परतणारा कामगार दिसला, म्हणजे मोटारींत बसलेल्या सद्गृहस्थांस त्याची कीव येते. पण तीच सायकल लाखभर रुपयांची असली, तिच्यावरील स्वारानें शिरस्त्राण व तंग पोशाख चढविला असला, आणि तो बोरघाटाच्या चढावर घामाघूम होऊन झुंजत असला, कीं त्याच सद्गृहस्थांस कौतुकाचें भरतें येतें. कीव आणि कौतुक यांच्या मधोमध एक तिसरी, साधी व निरोगी भावना असूं शकते. ‘हा कसा मजेंत चालला आहे! उद्यां आपणहि निघूं,’ असें पाहणाऱ्यास वाटावें, ही ती भावना. ती आपल्याकडे सहसा कोणाच्या मनांत उठत नाहीं. कारण जी पाहून ती उठावयाची ती सोपी, सपाट, नदीकांठची व मोकळ्या रानांतली वाट आपण कोणासाठीं राखूनच ठेवलेली नाहीं. त्या वाटेचा कैवार घेण्यासाठीं हा लेख आहे. आणि तिच्या विरुद्ध ज्यांनीं, जाणून वा न जाणून, पक्ष उभा केला आहे त्या सर्वांशीं माझें भांडण आहे.

पहिलें भांडण आमच्या पराक्रमवादी सायकलवीरांशीं. थोड्या दिवसांमागें एका सभेंत नदीकांठच्या सोप्या वाटांचा विषय निघाला असतां एक वक्ते मोठ्या आवेशानें म्हणाले, ‘ज्याला चढ नको त्यानें घरीं बसावें!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र त्या टाळ्यांत घरीं बसलेल्या पुष्कळ माणसांचा अपमान ऐकूं आला. या वीरांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटें आणि पर्वत ओलांडून १९२८ सालीं परत आले. त्यांच्या जिद्दीपुढें कोणाचेंहि मस्तक नम्र होईल. मुंबई–पुणें शर्यतींत घाट चढून जाणाऱ्या तरुणांचें मला कौतुक आहे. पॅरिसच्या एका जुन्या मंडळाच्या नियमांप्रमाणें आपल्याकडेहि आतां दोनशें किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशें किलोमीटर चाळीस तासांत पुरे करणारांस पदकें मिळतात. तीं त्यांनीं खुशाल छातीवर लावावीं.

परंतु पराक्रमानें एक अनर्थ होतो, तो या मंडळींच्या लक्षांत येत नाहीं. पराक्रमी मनुष्यास रस्ता लागतच नाहीं. तो खड्ड्यांतून जातो, मालमोटारींच्या रांगेंतून जातो आणि वाट नसली तर पाडून घेतो. रस्ता लागतो तो सामान्याला. सायकलवाल्यांच्या वतीनें बोलणारे सगळेच पराक्रमी निघाले, तर सरकारी अधिकाऱ्यास सोयीचें उत्तर आयतेंच सांपडतें: ‘हे पाहा, एवढे लोक याच रस्त्यानें गोव्यापर्यंत जातात, मग निराळी वाट हवी कशाला?’ अशा रीतीनें एकाची बहादुरी दुसऱ्या शंभरांच्या वाटेंतील धोंड होते. वाचनालय काढतांना संस्कृत महाकाव्यें वाचणाऱ्या पंडितांसाठींच तें काढावें असें कोणी म्हणत नाहीं. पोहण्याचा तलाव बांधतांना खाडी पोहून जाणारांसच त्यांत उतरूं द्यावें असेंहि कोणी म्हणत नाहीं. मग चाकावर बसण्याच्या या साध्या आनंदासाठींच मांड्यांच्या बळाची परीक्षा कां घ्यावी?

दुसरें भांडण रस्ते बांधणारांशीं. आणि पनवेलसारख्या गांवीं राहून तें न करणें कठीण आहे. पनवेल हें मुळांतच वाटांचें गांव. बोरघाटांतून आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईचा प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली व २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. मधल्या काळांत गोव्याची वाट, पुण्याची वाट, उरणची वाट, अशा सर्व वाटा येथें येऊन मिळाल्या. २००२ सालीं मुंबई–पुणें द्रुतगतिमार्ग पुरा झाला. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून खाडी ओलांडून येणारा अटल सेतु खुला झाला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत पनवेलच्या खाडीशीं नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. द्रुतगतिमार्गावर दुचाकीस मज्जाव आहे, सेतूवरहि आहे, आणि तो योग्यच आहे. त्या वेगांत सायकल घालणें म्हणजे आत्महत्या होय. माझी तक्रार निराळी आहे. वेगवानांनीं स्वतःची स्वतंत्र वाट करून घेतली, तेव्हां जुनी वाट मंदगतीच्या माणसाकडे परत यावयास हवी होती. झालें उलटेंच. जुना पुणें रस्ता व गोव्याचा रस्ता रुंद होत गेले, त्यांवरील वेग वाढत गेला, आणि पायीं जाणारा व सायकलवाला या दोघांस गटाराच्या कडेची चार बोटें जागा उरली. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापून सपाट करतां आली, उलवे नदीचा प्रवाह वळवितां आला. पण एखाद्या चौकांत सायकलवाल्यास सुखरूप पलीकडे नेणारी पट्टी आंखणें मात्र आमच्या स्थापत्यशास्त्रास अजून जमलेलें नाहीं.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील शंभरांपैकीं सुमारें पंचेचाळीस घरांत सायकल होती. आणि केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशाच्या रस्त्यांवर चार हजारांहून अधिक सायकलस्वार मेले. या मेलेल्यांत पदकें मिळविणारे किती थोडे असतील आणि पोटासाठीं निघालेले किती अधिक असतील, हें सांगण्यास आंकड्यांची जरूर नाहीं. पनवेलच्या दक्षिणेस दहा किलोमीटरांच्या आंत शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडके यांचें तें जन्मगांव. एखाद्या शाळेच्या मुलांस सायकलींवरून तेथें नेऊन आणावें, ही किती साधी व किती उचित कल्पना! पण शिरढोण गोव्याच्या महामार्गावर आहे. आणि मुलांस त्या मार्गानें पाठविण्याचें धाडस करील असा शिक्षक मला भेटलेला नाहीं. भेटला तर मीच त्यास आवरीन. आद्य क्रांतिकारकाच्या घराची वाट पोरांना बंद व्हावी, आणि त्याबद्दल कोणास कांहीं वाटूंहि नये, याला काय म्हणावें?

पनवेलच्या आसपास सोप्या वाटा नाहींतच, असें मात्र कोणीं समजूं नये. माथेरानच्या डोंगरांतून गाढी नदी निघते आणि नेऱ्यावरून पनवेलीस येऊन खाडीस मिळते. तिच्या खोऱ्यानें नेऱ्यापर्यंत व पुढें गाढेश्वरच्या धरणापर्यंत गेलें, तर अंतर पंधरा किलोमीटरांहून कमीच भरतें. समोर माथेरानची काळी भिंत, बाजूस प्रबळगड व कलावंतिणीचा सुळका, मधून मधून भाताचीं खाचरें व आंबराया. चढ म्हणावा असा बहुतेक नाहींच. समुद्राकडील बाजू तर याहूनहि सपाट. पनवेल, उरण, पेण व अलीबाग हा सारा खारपट्टा म्हणजे भरतीच्या पाण्यापासून माणसानें हिसकून घेतलेली जमीन. मातीचे लांबच लांब बांध घालून, त्यांना ठिकठिकाणीं उघाड्या बसवून, ओहोटीस आंतलें पाणी बाहेर सोडावयाचें व भरतीस बाहेरचें पाणी अडवावयाचें, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची करामत आहे. पश्चिमेकडील देशांत ज्याला प्रेअरी म्हणतात तो क्षितिजापर्यंत पसरलेला गवताळ प्रदेश कोंकणांत नाहीं; पण मार्गशीर्षांत भात कापून झाल्यावर खारीच्या बांधावर उभें राहून पाहावें. एका हातास चिपीचें हिरवें रान व खाडी, दुसऱ्या हातास नजर पोंचेल तेथपर्यंत उघडें शिवार, आणि कोठें तरी शेताच्या कडेला मडक्यांत वालाच्या शेंगा व भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावलेली. तिचा तो वास! अशा बांधावरून, पाणी उजवीकडे ठेवून, कोणाशीं शर्यत न लावतां तासभर चाललेली सायकल ज्यानें अनुभवली नाहीं, त्याला मी काय सांगत आहें हें समजणें अवघड आहे. आणि ज्यांना तें अनुभवतां यावें त्यांच्या वाटेंत आपण काय काय घातलें आहे, हें पाहिलें म्हणजे अवघड वाटतें तें मौन पाळणें.

गाढीच्या वाटेवर सुकापुराकडून इमारतींची रांग दर वर्षीं पुढें सरकत आहे व तिच्या बरोबर डंपरहि. खाडीकडील शेतें भराव घालून उंच केलीं जात आहेत. कासाडी नदीची कथा तर सर्वांच्या तोंडीं आहे: २०१७ च्या ऑगस्टांत तळोज्याच्या परिसरांत कारखान्यांतील रंगानें निळीं झालेलीं कुत्रीं हिंडतांना दिसलीं, आणि तीं छायाचित्रें साऱ्या जगानें पाहिलीं. ज्या नदीचा वास येतो तिच्या कांठानें कोण जाणार? आणि कांठानें कोणीच जात नाहीं, म्हणूनच ती नासविणें सोपें जातें. हें दुष्टचक्र आहे व तें कोठून तरी तोडावें लागेल. माझें म्हणणें असें कीं, कांठावर नित्य जाणारीं येणारीं माणसें असणें हाच नदीचा सर्वांत स्वस्त पहारा होय.

येथें कोणी म्हणेल, ‘हें सारें युरोप-अमेरिकेला शोभतें, त्यांच्याजवळ पैसा आहे.’ या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वीं तिकडे नेमकें काय घडलें तें पाहावें. जर्मनीच्या सीमेवरील पासाउपासून व्हिएन्न्यापर्यंत डान्यूब नदीच्या कांठानें तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबीची जी प्रसिद्ध सायकलवाट आहे, ती बव्हंशीं नव्यानें बांधलेली नाहीं. प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेणारे घोडे ज्या पायवाटेनें चालत, तीच ती वाट. आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट उरली, ती सायकलींस खुली केली. अमेरिकेंत मिसूरी नदीच्या कांठानें जाणारा एक लोहमार्ग १९८६ सालीं बंद पडला; त्याचे रूळ काढून त्याच्या भरावावर सुमारें तीनशें ऐंशीं किलोमीटरांची वाट केली व तिचा पहिला तुकडा १९९० सालीं खुला झाला. कॅन्ससच्या उंच गवताच्या प्रेअरींतून जाणारी फ्लिंट हिल्सची वाटहि अशाच सोडलेल्या लोहमार्गावरची. आगगाडीला चढ सोसत नाहीं, नाव ओढणाऱ्या घोड्यालाहि सोसत नसे. म्हणून या वाटा सपाट, आणि म्हणून त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसहि झेपतात. त्या देशांनीं येथें जें खर्चिलें त्यांत पैशांपेक्षां अक्कल अधिक होती. श्रमाच्या जुन्या वाटा त्यांनीं विश्रांतीस दिल्या, इतकेंच.

तशा वाटा आपल्याकडे नाहींत काय? खारीचा बांध ही तशीच वाट आहे. घाट चढून देशावर गेलें तर कालवे आहेत. नीरेच्या डाव्या कालव्यास १८८५ च्या सुमारास पाणी सुटलें. बारामती-इंदापुराकडील माळांतून तो दीडशें किलोमीटरांच्या वर वाहत जातो. कालव्याचा उतार हजार पावलांना वीतभरहि नसतो, कारण त्याहून अधिक असला तर पाणी कांठ खाऊं लागेल. त्याच्या कडेनें पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं राखलेली वाट असते. म्हणजे पाण्याच्या कांठची, माळरानांतली, सपाट व सरकारी मालकीची वाट दीडशें वर्षांपूर्वींच्या स्थापत्यविशारदांनीं आमच्यासाठीं आंखून ठेवली आहे; आणि आम्ही विचारतों कीं पैसा कोठून आणावयाचा! अशी वाट खुली करावयास फार तर झाडें तोडणारांविरुद्ध व कचरा टाकणारांविरुद्ध पहारा लागेल, आणि सायकल जाईल पण मोटार जाणार नाहीं असे चार दगड तोंडाशीं रोवावे लागतील.

शहरांतील नदीकांठाविषयीं तर कायदाच आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्रांत नदीच्या दोन्ही अंगांस निळी व लाल अशा दोन पूररेषा आंखण्याची रीत आहे. निळ्या रेषेच्या आंत घरें बांधण्यास मनाई आहे. मग त्या पट्ट्याचें करावयाचें काय? तो मोकळा राहिला तर त्यावर झोपड्या, भराव आणि राडारोडा येतो, आणि पूर आला कीं सारे जण नदीस दोष देतात. २००५ च्या जुलैंतील पूर पनवेलकर विसरलेले नाहींत. माझें उत्तर असें आहे कीं पुराच्या पट्ट्यांत शोभेल असा एकच उपयोग आहे, आणि तो म्हणजे मातीची वाट. पावसाळ्यांत ती चार महिने पाण्याखालीं गेली तरी कोणाचें घर बुडत नाहीं. भाद्रपदांत गाळ बसतो, आश्विनांत तो सारखा करावा, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तिच्यावरून खुशाल हिंडावें. आपला ऊन-पावसाचा देश सायकलीस अनुकूल नाहीं असें म्हणणाऱ्यांसहि हेंच उत्तर आहे. डान्यूबच्या कांठीं बर्फ पडतें; म्हणून तेथल्या लोकांनीं वाट मोडून टाकली नाहीं, ते ऋतु पाहून निघतात.

येथेंच माझें तिसरें भांडण उपस्थित होतें, तें नदी ‘सुशोभित’ करणारांशीं. सोप्या वाटेचा विषय काढला कीं या मंडळींचे डोळे चमकतात. आणि दुसऱ्या दिवशीं सिमेंटच्या भिंती, रंगीत दिवे, लोखंडी कठडे व तिकिटाची खिडकी यांचा नकाशा तयार होतो. नदी दोन भिंतींत कोंडून तिच्या डोक्यावर केलेली फिरण्याची जागा ही मला अभिप्रेत असलेली वाट नव्हे. खाडीच्या चिपींतून भराव घालून नवा मार्ग काढणें तर त्याहून वाईट. तें रान तोडण्यापेक्षां सायकल घरीं ठेवलेली बरी. खारीच्या बांधांविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ते बांध शहरी हौशी लोकांनीं घातलेले नाहींत. ते घालणाऱ्या व राखणाऱ्या कुळांनीं त्या जमिनीसाठीं काय सोसलें याची साक्ष अलीबागजवळच्या चरी गांवीं मिळते. तेथें शेतकऱ्यांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसली नाहीं, उपास काढले, पण माघार घेतली नाहीं. अशा लोकांच्या बांधावरून जावयाचें तर आधीं त्यांस विचारलें पाहिजे, बांधाची डागडुजी करण्यास हातभार लावला पाहिजे, आणि उघाडीच्या कामांत अडथळा होतां कामा नये. गांवकऱ्यांनीं ‘नको’ म्हटलें तर दुसरीकडून जावें. सोपी वाट ही कोणाच्या शेतावरून जबरदस्तीनें काढलेली वाट असूं शकत नाहीं. ती तशी निघाली तर तिच्यांत आणि द्रुतगतिमार्गांत फरक तो काय राहिला?

शेवटचें भांडण मात्र आपलें आपल्याशींच आहे. सोपें तें हलकें, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गाच्या हाडींमासीं खिळली आहे. परीक्षा कठीण असावी, यात्रा खडतर असावी, देवहि डोंगरावर असावा! ज्या सायकलीनें चैन केली, म्हणजे झाडाखालीं थांबली, पाण्यांत दगड टाकला, टपरीवर चहा घेऊन परत फिरली, तिला आपण फेरफटका म्हणून नाक मुरडतों. पण मला सांगा, आपल्या घरांतील पन्नाशी उलटलेल्या स्त्रीनें सायकलीवर बसावें असें आपणांस वाटतें काय? वाटत असेल तर तिनें सुरुवात कोठें करावी? पळस्पे फाट्यावर? तमिळनाडूंतील पुदुकोट्टई जिल्ह्यांत १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेंत हजारों ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांनीं पाण्याच्या घागरी, पोरें आणि बाजारहाट चाकावर घेतला, आणि नवऱ्याची वा बसची वाट पाहणें सोडलें. त्या एका कृतीनें त्यांस जें स्वातंत्र्य लाभलें तें पुष्कळ व्याख्यानांनीं लाभलें नसतें. त्या कोणताहि घाट चढल्या नाहींत. खेड्यांतल्या ज्या रस्त्यावर मोटारींची गर्दी नव्हती, तेथें त्या शिकल्या, पडल्या आणि पुन्हां बसल्या. पडण्यास सुरक्षित जागा असणें ही शिकण्याची पहिली अट आहे. वर्गांत इतकीं वर्षें शिकवून मला एवढें तरी निश्चित कळलें आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच ती नाकारण्यास सबब सांपडूं नये. गाढीच्या निळ्या रेषेंतील एक कांठ, पनवेलपासून नेऱ्यापर्यंत, जेथें जेथें तो अजून मोकळा आहे तेथें तेथें, मातीची वाट म्हणून राखून ठेवावा. नेऱ्याहून गाढेश्वराकडे जाणारा रस्ता रुंद करण्याचा मोह आंवरावा, आणि डंपरांस सकाळच्या वेळीं त्यावर बंदी करावी. शिरढोणापर्यंत महामार्गापासून निराळी अशी एक अरुंद पट्टी करावी, कीं जिच्यावरून शाळेचीं मुलें जाऊन येतील. यांत कोठें पूल नाहीं, बोगदा नाहीं, उद्घाटनाच्या कोनशिलेस पुरेसा गाजावाजाहि नाहीं. बहुधा हीच या मागणीची मुख्य अडचण ठरेल. वीरांस यांतून कांहींच मिळावयाचें नाहीं, हें मी कबूल करतों. ते आपले घाटांत सुखी आहेत. पण ज्या दिवशीं गाढीच्या कांठानें एखादी आजी नातवाच्या मागोमाग हळूहळू पॅडल मारीत जाईल, आणि तिच्याकडे पाहून कोणास कीवहि येणार नाहीं व कौतुकहि वाटणार नाहीं, त्या दिवशीं माझें हें भांडण मिटलें असें समजावें.